फ्लेक्सवरची तीन विशेषणं

गावाच्या वेशीवर फ्लेक्स लागतो. मजकूर ठरलेला असतो. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये फेट्यातला फोटो, आणि फोटोखाली तीन विशेषणं: प्रगतशील शेतकरी, माजी सैनिक, कुटुंबवत्सल. फोटो बहुतेकदा नातवाच्या लग्नातला, आजूबाजूची माणसं संगणकावर पुसून काढलेला. त्याखाली शोकाकुलांची तीसेक नावं, त्यातली निम्मी पुढच्या निवडणुकीच्या तयारीतली. दहाव्याला घाटावर भाषणं होतात, तेव्हा याच तीन विशेषणांची लांब वाक्यं होतात. तेराव्यानंतर फ्लेक्स उतरतो आणि कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर जातो. त्याचा खरा उपयोग तिथे सुरू होतो, असं म्हणायला हरकत नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, रायगड या जिल्ह्यांत ही पाटी आता वारंवार दिसते आणि आणखी काही वर्षांनी दिसणार नाही. 1971 साली वीस वर्षांचा असलेला शिपाई आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. 1965 चा ऐंशीच्या पुढे गेला, 1962 चा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला. पंधरा-वीस वर्षं फौजेत आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं औताच्या मागे काढलेली ही पिढी. तिची आठवण ठेवायची म्हणजे काय करायचं, हा केवळ घरच्यांचा प्रश्न नाही, गावाचा आहे. आणि गाव तो कमान, शाल-श्रीफळ आणि फ्लेक्सवर भागवतं, ही माझी तक्रार आहे. यात पैसा कमी पडत नाही, आपण फक्त चुकीच्या गोष्टीवर घालतो. माणूस जिवंत असताना त्याची, त्याच्या कागदांची आणि त्याच्या बायकोची नोंद घेणं कमानीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. ते का होत नाही आणि कसं करता येईल, हे पाहू.

आपल्याकडे सैनिकाची आठवण ठेवण्याची रीत मेलेल्यांची आहे. देशावरच्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. 1914 ते 1919 च्या युद्धात या गावातून इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतके कामी आले. दोन आकडे, नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला 'मिलिटरी' हे उपनाव पडलं ते त्या युद्धात कामी आलेल्या 46 जणांमुळे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्यांची नावं बसऱ्याच्या स्मारकावर आहेत असं आपण धरून चालतो. तिथे गोऱ्या शिपायांची नावं कोरली गेली आणि हिंदी शिपायांची संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 2021 साली स्वतःच अहवाल काढून या भेदाबद्दल माफी मागितली. निदान आयोगाच्या यादीत आज अनेक हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, जिल्हा सापडतो. 2019 साली दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक झालं, त्यावर पंचवीस हजारांहून अधिक नावं आहेत. 2023 मध्ये ग्रामपंचायतींसमोर शिलाफलक बसले, तेही वीरगती मिळालेल्यांसाठी.

हे सगळं हवंच. पण जो परत आला तो यात कुठे आहे? त्या जुन्या पाटीवरचा पहिला आकडा उणे दुसरा आकडा, एवढंच त्याचं अस्तित्व. फौजेतून परतून ज्यांनी नालाबंडिंग केलं, विहिरी पाडल्या, सोसायटीत भांडणं केली, पोरी उजवल्या, ते वजाबाकीतून उरलेले.

नामदेव जाधवांचं उदाहरण घ्या. इटलीतल्या सेनिओ नदीकाठी 9 एप्रिल 1945 रोजी जखमी साथीदारांना उचलून आणणं, मशीनगनचे मोर्चे एकट्याने निकामी करणं, बांधावर चढून घोषणा देणं, यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या काही तासांचं वर्णन मानपत्रात मिनिटामिनिटाने लिहिलेलं आहे. पुढे ते 1984 पर्यंत जगले. त्या एकोणचाळीस वर्षांबद्दल आपण किती ओळी वाचल्या आहेत? ज्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळालं त्याची ही कथा, तर साधा नाईक किंवा हवालदार म्हणून घरी आलेल्याची काय असेल.

आता त्या तीन विशेषणांकडे येऊ. पहिलं, 'प्रगतशील शेतकरी'.

माणदेश-खटावातून माणूस भरतीला जायचा तो देशप्रेमामुळे जायचा हे खरं असेल, पण पाऊस पडत नव्हता हे त्याहून खरं. पर्जन्यछायेतली हलकी जमीन, चार भावांत आठ एकर, बाजरी आणि मटकी. घरातला एकजण फौजेत गेला की त्याच्या मनीऑर्डरीवर बाकीचे जगत. पंधरा-वीस वर्षं शेतात त्याचा पाय पडायचा तो वर्षातल्या दोन महिन्यांच्या सुट्टीत, तोही सुगीला सुट्टी मिळाली तर. मग या काळात शेतकरी कोण होतं? औत दिराने धरलं असेल, पण बी पेरणं, खुरपण, पैऱ्याला म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबायला जाणं, रात्री पाण्याची दारं धरणं, जनावरं, सोसायटीच्या चेअरमनच्या दारात हेलपाटे, हे बाईने केलं. त्याच्या नावापुढचं 'शेतकरी' हे विशेषण निम्मं तरी तिच्या कष्टाचं आहे. सातबाऱ्यावर ती नव्हती. 1992 साली शासनाने 'लक्ष्मी मुक्ती'चं परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यात लावायची सोय केली, शेतकरी संघटनेने त्यासाठी गावोगाव मोहीमही चालवली. तरी आजही जुन्या फौजी खात्यांतल्या किती उताऱ्यांवर बाईचं नाव नवरा गेल्यावर, वारस म्हणूनच, पहिल्यांदा उमटतं ते तलाठ्यांना विचारा.

म्हणून आठवणींच्या नोंदीत पहिला जबाब तिचा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तो बोलायला लागला की ती गप्प बसते, तिचा जबाब आधी झाला तर तो दुरुस्त्या करायला लागतो, आणि त्या दुरुस्त्यांमधून दोघांचंही आयुष्य बाहेर येतं. तिला विचारायचे प्रश्न साधे असतात. त्याचं पत्र कोण वाचून दाखवायचं, मास्तर की पोस्टमन? त्यांच्यासमोर काय लिहवता यायचं नाही? मनीऑर्डर किती रुपयांची, कुणाच्या हातात पडायची? लढाई चालू असताना रेडिओ कुणाच्या घरी होता? 'कुटुंबवत्सल' हा शब्द या उत्तरांना पुरणारा नाही. दोन-दोन वर्षांनी भेटणाऱ्या बापाला बघून पोर रडत आईमागे लपायचं, हे त्या शब्दात बसत नाही. पेन्शनीवर आल्यावर घरात चालवलेली परेड, कॅन्टीनची बाटली, भावाशी बांधावरून कोर्टात गेलेली पंधरा वर्षं, हेही नाही. चांगल्या माणसाच्या आयुष्यात या गोष्टी असतात. त्या खोडल्या की कुणाच्याही फोटोखाली चालेल असा मजकूर उरतो.

उरलेलं विशेषण, 'माजी सैनिक', सगळ्यात सोपं वाटतं आणि त्यातच सगळ्यात जास्त चुका होतात.

पहिला कागद डिस्चार्ज बुक. नंबर, हुद्दा, ट्रेड, भरतीची तारीख आणि ठिकाण, नाव कमी झाल्याची तारीख आणि कारण, पदकं, चालचलणुकीचा शेरा, वारसाचं नाव, हे सगळं त्या छोट्या वहीत असतं. हिच्यावरून पलटण कळते आणि पलटण कळली की शिपायाच्या नोंदी ठेवणारं अभिलेख कार्यालय कळतं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ई.एम.ई.चं (फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचं) सिकंदराबादला. घरच्यांना बहुतेकदा एवढंच माहीत असतं की 'आप्पा मिलिटरीत होते'. मिलिटरीत गाडी चालवत होते की तोफेवर होते की लंगरात, हा फरक त्यांच्या आयुष्यात फार मोठा होता.

दुसरा पुरावा पदकं. 1965 च्या लढाईत प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्याला समर सेवा स्टार, त्या काळात सेवेत असलेल्यांना रक्षा मेडल. 1971 ला पूर्व आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीसाठी पश्चिमी स्टार, आणि सेवेत असलेल्यांना संग्राम मेडल. गंमत अशी की गावात 71 च्या लढाईला सरसकट 'बांगलादेशची लढाई' म्हणतात, त्यामुळे पंजाबच्या सीमेवर खंदकात बसलेला म्हाताराही 'मी बांगलादेशच्या लढाईत होतो' असंच सांगतो. तो खोटं बोलत नाही, गावाचा शब्द वापरतो. पण मुलगा ते ऐकून फ्लेक्सवर 'ढाक्याच्या विजयाचे शिल्पकार' छापतो आणि पेटीत पश्चिमी स्टार पडलेला असतो. पदक बघितलं असतं तर चूक टळली असती. पदकाच्या कडेवर किंवा मागे नंबर आणि नाव ठोकलेलं असतं, तेही तपासून घ्यावं, कारण एका पलटणीतल्या माणसांची पदकं अदलाबदल होऊन आलेली असू शकतात. आणि हे नाव जपायचं असेल तर पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री पदकं चिंचेने किंवा पितळेच्या पावडरीने घासायची सवय बंद केली पाहिजे. दरवर्षीच्या घासण्याने अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसावं, फीत धुऊ नये.

तिसरा पुरावा पत्रं. पाकिटावर '56 ए.पी.ओ.' असेल तर टपाल दिल्लीमार्गे पश्चिमेकडच्या पलटणीचं, '99 ए.पी.ओ.' असेल तर कलकत्त्यामार्गे पूर्वेकडचं. फौजी ठावठिकाणा लिहीत नसे, पण हा आकडा आणि शिक्क्यातली तारीख एकत्र ठेवली की त्या वर्षी पलटण कुठल्या बाजूला होती एवढं तरी कळतं. म्हणून पत्र फाडलेल्या पाकिटापासून वेगळं करू नये.

जन्मतारखेच्या बाबतीत मात्र सगळे कागद एकमेकांशी भांडतात. शाळेच्या दाखल्यावर 1 जून, कारण त्या काळी मास्तर सगळ्यांची तीच लावत. डिस्चार्ज बुकात वेगळी, कारण भरतीला वय बसवावं लागलं. आधारवर तिसरीच. आठवणींच्या नोंदीत तिन्ही लिहाव्यात आणि कुठली कुठून आली ते लिहावं. एक निवडून बाकीच्या खोडण्याचा मोह टाळावा.

साठच्या दशकात भरती झालेल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते. तेव्हा अनेकांच्या नोकरीची बोली सात वर्षं प्रत्यक्ष आणि आठ वर्षं राखीव अशी असे. म्हणजे माणूस तिशीच्या आत घरी यायचा, शेती सुरू करायचा, आणि लढाई लागली की तार यायची. अर्धवट पाडलेली विहीर, पेरलेलं रान टाकून तो पुन्हा गाडीत बसायचा. शेतकरी आणि सैनिक ही दोन विशेषणं स्वल्पविरामाने तोडलेली बघून चीड येते ती यासाठी. त्या माणसाच्या अंगात ती एकाच वेळी होती.

आणि ती एकत्र दिसतात ती जागा म्हणजे तलाठ्याचं दप्तर. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. गाव अजून तलाठीच म्हणतं.) शेतकऱ्याचं चरित्र लिहायचं तर सातबाऱ्याइतकं चांगलं साधन नाही, फक्त तो वाचता आला पाहिजे. सातच्या भागात नावाभोवती जे आकडे दिसतात ते फेरफार क्रमांक. प्रत्येक क्रमांकामागे गाव नमुना सहामधली एक नोंद आहे: अमुक तारखेला वारस लागला, तमुक तारखेला भावांची वाटणी झाली, या साली दोन एकर खरेदी, त्या साली सोसायटीचा बोजा. क्रमांक उतरून घ्यायचे, जुन्यातून नव्याकडे लावायचे आणि त्या फेरफारांच्या नकला काढायच्या. अनेक जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत, नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. फार जुन्या नोंदी मोडीत निघतात, त्यासाठी वाचणारा शोधावा लागतो.

खरी मजा बाराच्या भागात आहे, पीकपाहणीत. तिथे वर्षागणिक पीक, क्षेत्र आणि जलसिंचनाचं साधन लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं बाजरी, मटकी, हुलगा, जिरायत. मग एका वर्षी साधनाच्या रकान्यात 'विहीर' उमटते. ते वर्ष डिस्चार्ज बुकातल्या तारखेशेजारी ठेवून बघा. फौजी पेन्शनीवर येताना पेन्शनचा काही हिस्सा कम्युट करून, म्हणजे गावच्या भाषेत 'पेन्शन विकून', एकरकमी पैसा आणतो. तो हिस्सा पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो. नाव कमी झाल्यावर दोन-तीन वर्षांत विहीर उमटली असेल, तर ती कुठल्या पैशाची हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यानंतर हायब्रीड ज्वारी, मग कुठे पाट आला तिथे ऊस. सोबत साखर कारखान्याचा शेअर दाखला, डेअरीचं पासबुक, इंजिनाची पावती जोडली की तुमच्यासमोर एक अर्थशास्त्र उभं राहतं: सीमेवरच्या पगारातून माणदेशातला काळा दगड कसा फुटला.

विहिरीबद्दल त्याला स्वतंत्र विचारा, कारण लढाईबद्दल न बोलणारा माणूस विहिरीबद्दल तासभर बोलतो. किती परस, म्हणजे किती पुरुष खोल गेली? मुरूम कुठे संपला, दगड कुठे लागला? दगड वर काढायची यारी कुणाची, सुरुंग कुणी उडवले? पाणी लागलं तेव्हा कुठल्या अंगाने लागलं? मोट कधी सुटली, पहिलं इंजिन किती हॉर्सपॉवरचं? ज्यांची लढाई डिसेंबर 1971 मध्ये संपली ते 1972-73 च्या दुष्काळात सुट्टीवर आले तेव्हा गाव खडी फोडत होतं. विजयी शिपायाचा बाप आणि बायको दुष्काळी कामावर, घरात लाल मिलो आणि सुकडी. या एका प्रसंगावर त्या पिढीकडून जितकं ऐकावं तितकं थोडं आहे, आणि विचारणारे आपण 'किती पाकिस्तानी मारले?' एवढंच विचारतो.

तो प्रश्न कधीच विचारू नये. एकतर बहुतेकांना उत्तर माहीत नसतं, गोळी लांबवर जाते. दुसरं म्हणजे ज्यांना माहीत असतं ते सांगू इच्छित नाहीत. विचारायचं ते असं: भरतीला कोण घेऊन गेलं, छाती फुगवायला आदल्या दिवशी काय केलं? ट्रंकेवर नाव-नंबर कुणी रंगवला? लंगरात भाकरी कधी मिळायची का? थंडीत पाय कशात गुंडाळायचे? कसम परेडला, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरच्या शपथेला, घरचं कोण आलं होतं? अशा वस्तूंच्या वाटेने माणूस आपोआप खंदकापर्यंत जातो. गेला तर जाऊ द्यावं, थांबला तर रेकॉर्डिंग बंद करून चहा ठेवावा. 'हे लिहू नका' म्हणाला तर लिहू नये. संमती सुरुवातीलाच, आवाजात, तारीख-ठिकाणासह घ्यावी.

रेकॉर्डिंगची तांत्रिक बाजू क्षुल्लक आहे आणि तरी बिघडते तिथेच. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, नाहीतर ऐन बोलण्यात पुतण्याचा फोन येतो. पंखा बंद. फोन थेट टेबलावर किंवा फरशीवर न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरे, सकाळी न्याहारीनंतर. चार-पाच बैठका लागतात, दोन बैठकांत आठवड्याचं अंतर ठेवावं, कारण पहिल्या बैठकीनंतर रात्री त्याला आठवत राहतं. सगळ्यात मोठा अडथळा मुलाचा असतो: तो बापाच्या वतीने उत्तरं देतो. त्याला रानात पाठवावं आणि नातीला समोर बसवावं. भाषा सुधारू नये. 'कोत', 'रंगरूट', 'उस्ताद', 'बिस्तरबंद', 'वारंट' हे शब्द आणि मध्येच येणारं हिंदुस्तानी जसंच्या तसं राहू द्यावं, तेच त्या आयुष्याचं खरं ओळखपत्र आहे. फाइलला तारीख आणि नाव द्यावं, आणि ती त्याच दिवशी दुसऱ्या दोन ठिकाणी उतरवावी. फोन विहिरीत पडतात.

कागदांना लॅमिनेशन करू नये, हे हात जोडून सांगावंसं वाटतं. चौकातल्या दुकानात डिस्चार्ज बुकाची पानं सुटी करून प्लॅस्टिकमध्ये भाजून आणतात. उष्णतेने शाई फिकी होते, आणि पान पुन्हा कधीच बाहेर काढता येत नाही. सेलोटेपही नको, तिचा डाग कागदात उतरतो. दारातल्या सावलीत, फ्लॅश न वापरता, पान सपाट ठेवून फोटो काढावेत, कोऱ्या पानांसकट आणि कव्हरच्या दोन्ही बाजूंचे. जुन्या फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, तोही टिपावा. कोण कोण आहे ते मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावं, बॉलपेनचा ठसा पुढच्या बाजूला उठतो. पावसाळ्यात बंद प्लॅस्टिक पिशवीत कागद घामेजतात. सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत, भिंतीपासून लांब, हे पुरतं.

हे सगळं भावनेचं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक रोकडा मुद्दा. याच कागदांत विधवेची पेन्शन अडकलेली असते. फौजेच्या नोंदीत बायकोचं नाव लग्नाआधीचं, किंवा 'बाई' लावून, किंवा परप्रांतीय कारकुनाने ऐकलं तसं. आडनाव 'पवार'चं 'पोवार'. जन्मवर्ष अंदाजे. आधार आणि बँकेत दुसरंच. नवरा जिवंत असताना ही दुरुस्ती त्याच्या अर्जाने, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाकडे जाते आणि पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदबदलाचा फौजी आदेश, निघून नोंद बदलते. तो गेल्यावर तेच काम तिला प्रतिज्ञापत्रं, दाखले आणि साक्षीदार घेऊन करावं लागतं, त्या वयात, एस.टी.ने. तोवर कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे साध्या दराने वेतनाचे 30 टक्के, लटकतं. वर मृत्यू वेळेत न कळवल्यामुळे खात्यात जमा झालेली त्याची पेन्शन परत वसूल होते, ती वेगळी. पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेल्याने नावातलं एक अक्षरही संगणकाला दुसरं माणूस वाटतं. आठवणींची नोंद करायला बसलेला नातू जर पी.पी.ओ. (पेन्शनचा मंजुरी आदेश), डिस्चार्ज बुक आणि आजीचं आधार शेजारी ठेवून नावं ताडून बघेल, तर तेवढ्या एका दुपारीत त्याने श्रद्धांजलीपेक्षा मोठं काम केलेलं असेल.

यावर आक्षेप येतात. लष्करी गुपितांचं काय, असं विचारतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या लंगरातल्या डाळीत गुपित नसतं, आणि आजच्या ठाण्यांबद्दल त्या म्हाताऱ्याला काही माहीत नसतं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: फक्त फौजी शेतकऱ्याचीच नोंद का? ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात औत धरलं त्याची का नको? हवीच. 'प्रगतशील शेतकरी' ही पदवी जमीन असलेल्यालाच मिळते, हे मान्य केलं पाहिजे. महार शिपायांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली, पहिल्या महायुद्धात उघडली, पुन्हा मिटली, आणि 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. त्या पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या माणसाला गावात जमिनीचा तुकडा मिळवायला काय करावं लागलं, हा प्रश्न फेरफारातून विचारला तर गावाला अवघड जाईल. पण नोंद अवघड जाणारीच असावी. फौजीपासून सुरुवात करायची ती त्याचे कागद घरात आहेत म्हणून. रीत बसली की सालगड्याचा, वडाराचा, दाईचा जबाब घेणं सोपं होईल.

उलट बाजूही आहे. फौजेत असताना ज्यांच्या जमिनी कुळांकडे गेल्या त्यांच्यासाठी कूळकायद्यात स्वतंत्र प्रकरण घालावं लागलं होतं. असे वाद, आणि भावांकडे गेलेल्या जमिनींचेही, काही घरांत आजही धुमसतात. अशा घरात नोंद घेणाऱ्याने निवाडा करू नये, दोन्ही बाजू लिहाव्यात आणि फेरफाराची नक्कल जोडावी.

गावाने करायचं ते इतकंच. एक जाड बांधणीची नोंदवही, ग्रामपंचायतीच्या कपाटात. प्रत्येक फौजी घराला आठ पानं. पहिल्या पानावर दोन नावं, तिचं आणि त्याचं, माहेरच्या गावासह. मग पलटण, नंबर, पदकं, जन्मतारखा जितक्या असतील तितक्या, विहिरीचं वर्ष, फेरफार क्रमांक, रेकॉर्डिंग कुठे ठेवलं आहे. लिहायला गावातली बारावीची दोन पोरं आणि एखादा निवृत्त शिक्षक. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय ठेवला तर उन्हाळ्याच्या सुट्टीत काम सुरू होतं. सुरुवात वयाने सगळ्यात मोठ्या घरापासून करावी, आणि ज्या घरी तो आता नाही पण ती आहे, त्या घरी आधी जावं.